वडिलांचा लिम्फोमा आणि तुमचा नाकारलेला क्लेम

प्रश्न : रावेर तालुक्यात आमची केळीची शेती आहे. जून 2022 मध्ये कुटुंबाची आरोग्य पॉलिसी घेतली, हप्ते वेळेवर भरले. 2025 च्या दिवाळीनंतर माझ्या मानेला गाठ आली, बायोप्सीत लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) निघाला. वडीलही 2016 साली याच आजाराने गेले. कंपनीने 'आनुवंशिक आजार आहे आणि घरचा इतिहास लपवला' म्हणून क्लेम नाकारला. गाडी भरण्याच्या गडबडीत फॉर्म एजंटनेच भरला होता, मी फक्त सही केली. आता तो म्हणतो, मुलाचीही जनुकीय तपासणी करून घ्या. सोबत कागदांचे फोटो पाठवले आहेत.

उत्तर : भाऊ, वाद चालेल तितके दिवस चालू द्या, पण केमोची एकही तारीख चुकवू नका. रेशनकार्ड घेऊन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या तिथल्या मदतनिसाला, भेटा. तिथे कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि कॅन्सरचे उपचारही त्यात येतात.

कंपनीने दोन कारणं एकाच वाक्यात घातली आहेत. तुम्ही उत्तर देताना ती वेगळी करा.

'आनुवंशिक आजार' हे कारण टिकत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये जनुकीय आजार सरसकट वगळणारं कलम भेदभावाचं ठरवलं. त्या निकालाच्या व्यापक भागाला पुढे सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, म्हणून मी नुसता त्याचा आधार घेणार नाही. पण विमा नियामकाच्या सप्टेंबर 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आरोग्य पॉलिसीतून जनुकीय आजार वगळता येत नाहीत. तुमच्या अर्जाचा मुख्य आधार हाच.

आणि वडिलांना होता म्हणून तो तुम्हालाही 'आधीपासून होता', असं होत नाही. लिम्फोमाचे मुख्य प्रकार दोन, नॉन-हॉजकिन आणि हॉजकिन. आईवडील किंवा भावंडांत कुणाला नॉन-हॉजकिन लिम्फोमा असेल तर धोका साधारण पावणेदोन पट, हॉजकिन असेल तर सुमारे तिप्पट होतो. पण आजार मुळातच विरळ असल्याने अशा घरांतल्या बहुतेकांना तो कधीच होत नाही. पूर्वीचा आजार म्हणजे पॉलिसीआधीच्या 36 महिन्यांत तुमच्या स्वतःच्या शरीरात निदान झालेला, किंवा ज्यासाठी तुम्ही सल्ला-उपचार घेतला तो. तुमची गाठ पॉलिसीनंतर तीन वर्षांनी आली.

खरी अडचण 'इतिहास लपवला' या दुसऱ्या कारणात आहे. पॉलिसीचे सलग 60 महिने पूर्ण झाले असते तर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय कंपनीला हा मुद्दा काढता आला नसता. तुमचे झालेले नाहीत. म्हणून कंपनीकडून भरलेल्या प्रस्ताव-फॉर्मची प्रत लेखी मागा. त्यात घरच्यांच्या आजाराबद्दल प्रश्नच नसेल, तर लपवण्याचा मुद्दाच उरत नाही. प्रश्न असेल आणि पुढे 'नाही' लिहिलेलं असेल, तर 'एजंटने भरलं' एवढ्यावर सुटका नाही. सही तुमची आहे. तरीही ही माहिती पॉलिसी देण्याच्या निर्णयावर परिणाम करणारी होती आणि ती लपवली गेली, हे कंपनीने सिद्ध करायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये हा भार विमा कंपनीवरच असल्याचं पुन्हा सांगितलं आहे.

तुमचं डिस्चार्ज कार्ड मी दोनदा वाचलं. एका ओळीच्या शेवटी 'लिम्फोमा, 2016' आहे आणि 'वडिलांना' हा शब्द खालच्या ओळीत गेला आहे. वरची ओळ एकटी वाचली तर आजार तुमचाच आणि जुना वाटतो. कंपनीनेही तसंच वाचलं असेल, अशी मला दाट शंका आहे. कार्डावर स्वतः पेन लावू नका. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर दोन ओळी घ्या : 2016 ची नोंद वडिलांची आहे आणि रुग्णाला पहिली गाठ अमुक महिन्यात दिसली.

हे सगळं जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला अर्ज द्या आणि पोच ठेवा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे एका वर्षाच्या आत जा. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. 50 लाखांपर्यंतचे दावे ते ऐकतात. तिथे न्याय मिळाला नाही तर जळगावचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. पण नकाराच्या पत्रापासून 2 वर्षांची मुदत डोळ्यांसमोर ठेवा. दोन्हीकडे एकाच वेळी जाऊ नका.

मुलाची तपासणी एजंटच्या सांगण्यावरून अजिबात करू नका. घरात एकाला लिम्फोमा झाला म्हणून सगळ्यांनी करावी अशी नेहमीची जनुकीय तपासणी नाही. डॉक्टरांनी कारण दाखवून सांगितली तर गोष्ट वेगळी. मात्र त्याच्या नावाने पॉलिसी घ्याल तेव्हा फॉर्म त्यानेच भरावा, आणि विचारलं असेल तर आजोबांचं व तुमचं दोन्ही लिहावं.