2147483647 ही मूळ संख्या आहे हे संगणक नसताना कसं सिद्ध केलं? तिच्यात खास काय आहे?

ही संख्या म्हणजे 2 चा 31 वा घात वजा 1. ती मूळ आहे हे गणितज्ञ ऑयलरने 1772 मध्ये दाखवलं, तेही दृष्टी जवळजवळ गेलेली असताना!

सरळ मार्गाने जायचं तर वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे 46340 पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं. त्या भरतात सुमारे 4800. पण या संख्येचा कुठलाही मूळ विभाजक घ्या, त्याला 62 ने भागल्यावर बाकी 1 च उरते, आणि 8 ने भागल्यावर 1 किंवा 7. या दोन अटी एकत्र केल्या की फक्त 248 च्या पटीत 1 किंवा 63 मिळवून येणाऱ्या संख्या तपासायच्या राहतात. त्या पावणेचारशेच्या आत आहेत. त्यातली पहिली मूळ संख्या 311. भागून बघा, बाकी 35 उरते. पुढेही कुठेच नि:शेष भाग जात नाही. मला तर या गाळणीइतकं सुंदर अंकगणित क्वचितच दिसलंय.

हिला 2 च्या 30 व्या घाताने गुणलं की 2305843008139952128 ही परिपूर्ण संख्या मिळते: स्वतःला सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज तेवढीच.

द्विमान पद्धतीत (फक्त 0 आणि 1 वापरून) 2147483647 ही ओळीने 31 वेळा 1 अशी लिहिली जाते, म्हणून संगणकातल्या 32 बिटांच्या (32 द्विमान अंकांच्या, त्यातला एक अधिक-उणे चिन्हासाठी) चिन्हांकित पूर्णांकाची ती कमाल मर्यादा. 1970 पासूनचे सेकंद अशा पूर्णांकात मोजणारी संगणकांतली जुनी घड्याळं 19 जानेवारी 2038 ला, भारतीय वेळेनुसार सकाळी 8:44:07 वाजता, याच आकड्यावर पोचतील.