वाचकांचे प्रश्न : सोन्याची खाण आणि लेम्पा नदीचे पाणी

प्रश्न : पाणी दूषित होईल या भीतीने मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर या देशात सोन्याच्या खाणीला विरोध झाला, बंदीचा कायदाही झाला आणि पुढे तो रद्द झाला, असे वाचनात आले. सोने काढण्यासाठी वापरले जाणारे विषारी सायनाइड उन्हात आपोआप विघटित होते, असे खाणतज्ज्ञ सांगतात. मग ही भीती खरी होती, की ते केवळ मतांचे राजकारण होते?

उत्तर : भीती खरी होती. मात्र तिचे कारण सायनाइडपुरते मर्यादित नव्हते; आणि ‘केवळ राजकारण’ या आपल्या शब्दांशी मी सहमत नाही.

सायनाइडविषयी तज्ज्ञ सांगतात त्यात तथ्य आहे. एक टन खडकात अनेकदा जेमतेम एक ते दोन ग्रॅम सोने असते. ते वेगळे काढण्यासाठी खडकाची भुकटी करून ती सायनाइडच्या विरल द्रावणात भिजवतात, आणि उरलेला गाळ बांध घालून तयार केलेल्या तलावात साठवतात. मोकळे सायनाइड ऊन आणि हवा यांमुळे विघटित होते, परंतु तांबे किंवा लोह यांच्याशी संयोग पावलेले सायनाइड इतक्या सहज नाहीसे होत नाही. शिवाय बांध फुटला, तर विघटनाला लागणारा वेळच हाती उरत नाही. रुमानियातील बाया मारे येथे ३० जानेवारी २००० रोजी मुसळधार पाऊस आणि वितळते बर्फ यांच्या भाराने असाच बांध फुटला. सुमारे एक लाख घनमीटर सायनाइडयुक्त पाणी सोमेश नदीतून तिसा नदीत आणि तेथून डॅन्यूबमध्ये गेले, आणि एकट्या हंगेरीत हजार टनांहून अधिक मासे मेले. तिसा नदीतील जीवसृष्टी पुढे बऱ्याच वेगाने सावरली, हेही येथे सांगितले पाहिजे.

जे सावरत नाही, ते निराळेच आहे. सोन्याच्या खडकात पुष्कळदा पायराइट, म्हणजे लोह आणि गंधक यांचे संयुग, असते. जमिनीखाली ते निवांत पडून असते. खडक फोडून वर आणला की त्याला हवा आणि पाणी मिळते, त्यातून गंधकाम्ल तयार होते, आणि ते आम्ल खडकातील आर्सेनिक, कॅडमियम, तांबे विरघळवत ओढ्याला जाऊन मिळते. ही क्रिया एकदा सुरू झाली की खाण बंद झाल्यावरही दशकानुदशके, कधी शतकानुशतके चालू राहते. अशा ओढ्याचे पाणी कित्येकदा अगदी नितळ दिसते, कारण त्यात शेवाळ नसते, किडे नसतात आणि मासेही नसतात. फक्त तळाच्या दगडांवर नारिंगी राप चढलेला असतो. एल साल्वादोरच्या लोकांना हे पुस्तकात वाचण्याची गरज नव्हती. त्यांच्याच देशात, ला युनिओन प्रांतात, सान सेबास्तियान नदी अनेक वर्षांपूर्वी बंद पडलेल्या खाणीमुळे तशी वाहते आहे.

आता राजकारणाविषयी. देश जेमतेम २१ हजार चौरस किलोमीटरचा, आणि त्याचा जवळपास निम्मा भूभाग लेम्पा या एकाच नदीच्या खोऱ्यात येतो. राजधानी सान साल्वादोरच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा हिस्सा याच नदीतून येतो. पॅसिफिक रिम या कॅनेडियन कंपनीने काबान्यास प्रांतात एल दोरादो ही खाण काढण्याचा परवाना मागितला, तो प्रदेश याच खोऱ्यातला. म्हणून विरोध एका गावापुरता राहिला नाही. उद्योगांना अनुकूल अशा उजव्या पक्षाचे अध्यक्ष आंतोनियो साका यांनी २००८ मध्ये परवाने देणार नाही असे जाहीर केले, आणि २००९ मध्ये सत्तेवर आलेले डाव्या पक्षाचे मौरिसिओ फुनेस यांनीही तेच धोरण पुढे चालवले. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन पक्ष एका प्रश्नावर असे एकत्र येतात, तेव्हा त्याला मतांचा खेळ म्हणून उडवून लावणे अन्यायाचे आहे. याच काळात काबान्यासमधील खाणविरोधी कार्यकर्त्यांचे खून झाले, हेही विसरता येत नाही.

कंपनीने जागतिक बँकेशी संलग्न लवादाकडे दाद मागितली आणि नुकसानभरपाईचा दावा २५ कोटी डॉलरपर्यंत नेला. ऑक्टोबर २०१६ मध्ये लवादाने तो फेटाळला आणि उलट कंपनीनेच देशाला ८० लाख डॉलर खर्चापोटी द्यावेत, असा आदेश दिला. पण निकालाचा आधार पाणी हा नव्हता. परवान्यासाठी कायद्याने आवश्यक असलेला जमिनीवरचा हक्क कंपनीकडे नव्हता, हा होता. पाण्याचा प्रश्न कायदेमंडळालाच सोडवावा लागला. २९ मार्च २०१७ रोजी ६९ विरुद्ध शून्य मतांनी धातूंच्या खाणकामावर संपूर्ण बंदी आली. डिसेंबर २०२४ मध्ये अध्यक्ष नायिब बुकेले यांच्या बहुमताने ती उठवली, तेव्हा नव्या कायद्यात सोने काढण्यासाठी पाऱ्याच्या वापराला मनाई ठेवण्यात आली. पायराइटपासून आम्ल तयार व्हायला मात्र पारा लागत नाही, पाऊस पुरतो. कॅथलिक बिशपांनी २०२५ मध्ये सुमारे दीड लाख सह्या कायदेमंडळाला सादर केल्या, त्या ही बंदी परत आणावी यासाठी.

प्रश्न : खाण बंद झाल्यानंतरच्या सफाईसाठी कंपनीकडून आधीच हमी रक्कम घेतली, तर हा धोका टळणार नाही का?

उत्तर : रक्कम पुरेशी असेल तर खर्चाचा भार टळतो, धोका टळत नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात समिटव्हिल येथील सोन्याची खाण १९९२ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाल्याने वाऱ्यावर सोडली गेली. घेतलेली हमी अगदीच तोकडी ठरली, आणि सफाईवर सरकारी तिजोरीतून १५ कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला. पाणी शुद्ध करण्याचे काम तेथे आजही करावे लागते. म्हणून हमीचा आकडा विचारण्याआधी खाण बंद झाल्यावर पाण्यावर किती वर्षे प्रक्रिया करावी लागेल, हे कंपनीकडून लेखी मागावे, आणि उत्तरात अखेरचे वर्ष दिलेले नसेल तर हमीची रक्कम कशाच्या आधारे ठरवली, हेही विचारावे.