हिवाळ्यात उत्तरेकडे जाणारी केळीची गाडी: सवलत कशाला आहे, कशाला नाही

डिसेंबर-जानेवारीत जळगाव जिल्ह्यातल्या रावेर, यावल, सावदा भागातून केळी पाठवणाऱ्यांचे तीन प्रश्न हमखास येतात. दिल्लीत ट्रकबंदी झाली तर गाडी भरावी का? धुक्यात उशीर झाला तर नियमांत सूट मिळते का? आणि दिल्लीच्या आझादपूर घाऊक बाजारात उतरलेली केळी पिकताना काळपट का पडते?

गाडी भरावी. हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक (एक्यूआय) ४५० च्या वर गेला की ‘ग्रॅप’चा, म्हणजे दिल्ली परिसरातल्या प्रदूषणावरच्या टप्प्याटप्प्याच्या निर्बंधांचा, चौथा टप्पा लागतो आणि दिल्लीत ट्रकना प्रवेश बंद होतो. मात्र जीवनावश्यक माल नेणाऱ्या गाड्या त्यातून वगळल्या आहेत आणि त्यात फळे, भाजीपाला येतो. ही सवलत मालाला आहे. त्यामुळे उरलेल्या जागेत प्लास्टिक किंवा हार्डवेअरचे चार नग टाकले की नाक्यावर वाद सुरू होतो. थोड्या भाड्यासाठी अख्खी गाडी अडकवू नका. ताज्या फळांना ई-वे बिल (जीएसटीसाठीचा माल वाहतुकीचा ऑनलाइन परवाना) लागत नाही, म्हणून बरेच जण नुसत्या चिठ्ठीवर गाडी सोडतात. हे चुकीचे आहे, कारण आत केळीच आहे हे दाखवायला दुसरा कागद उरत नाही. बिल आणि बिल्टी (वाहतूकदाराची माल-पावती) दोन्हींवर ‘ताजी केळी’, वजन, चढवण्याचे गाव आणि माल घेणाऱ्या अडत्याचे नाव ठळक लिहा.

गाडी ठरवताना आरसी (नोंदणी पुस्तिका) बघा, त्यावर गाडी धुराच्या कोणत्या मानकाची (बीएस) आहे ते कळते. १ एप्रिल २०२० नंतर विकलेली नवी गाडी बीएस-६ असते आणि बीएस-६ डिझेल गाडीला चौथ्या टप्प्यातही अडचण नाही. दिल्लीबाहेर नोंदलेल्या बीएस-३ मालगाडीला १ नोव्हेंबर २०२५ पासून प्रवेशच नाही. ती स्वस्तात मिळते, पण घेऊ नका. फळे-भाजीच्या गाड्यांना दिल्लीत शिरताना द्यायच्या पर्यावरण भरपाई शुल्कात असलेली सूटही सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये काढली आहे. तो खर्च भाड्यात धरला आहे का, हे आधीच ठरवा.

वजनाला आणि चालकाच्या तासांना थंडीची सवलत नाही. जादा भार सापडला तर २०,००० रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये, शिवाय जादा माल उतरवावा लागतो. यमुना एक्स्प्रेसवेवर १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी जड वाहनांची वेगमर्यादा ताशी ६० किलोमीटर असते. तेव्हा ‘परवा सकाळच्या बाजारात’ असा शब्द देऊ नका. एक दिवस जास्त धरा आणि दोन चालक मागा. धुक्यात रात्री थांबण्याची मुभा चालकाला स्पष्ट द्या. हाल्टिंग (गाडी थांबून राहिल्याचे पैसे) किती तासांनंतर आणि दिवसाला किती, हे बिल्टीवरच लिहून घ्या. तोंडी ठरलेले दिल्लीत कोणी मानत नाही.

आता काळपट केळीबद्दल. अनेक जण पिकवायच्या औषधाला किंवा पिकवणाऱ्याला दोष देतात, पण कारण बहुधा वाटेतली थंडी असते. गराचे तापमान १३ अंशांखाली काही तास राहिले की सालीखाली तपकिरी रेघा पडतात. हिरवी केळी वरून ठीक दिसते. पिकताना मात्र ती पिवळी न होता राखाडी, निस्तेज होते. हे नुकसान मागे फिरत नाही. उलट, दुपारी मध्य प्रदेशात ताडपत्री घट्ट बांधलेली असेल तर केळीची स्वतःची उष्णता साठते आणि मधला थर वाटेतच पिकायला लागतो. म्हणून दिवसा पुढची-मागची बाजू उघडी ठेवा आणि सूर्यास्तापूर्वी बंद करा.

गाडीच्या तळाला आणि चारही फाळक्यांना (बाजूच्या फळ्यांना) वीतभर कोरडा पेंढा किंवा वाळलेली केळीची पाने लावा. तळ आणि मागचे फाळके सर्वांत गार पडतात. धुतलेला माल निथळल्याशिवाय भरू नका. ओल राहिली तर थंडी जास्त लागते आणि देठ कुजतो. लांबच्या प्रवासाला ७५ ते ८० टक्के पक्वतेचे घड काढा. चालकाकडे टोचून बघायचा थर्मामीटर द्या. मागच्या कोपऱ्यात गर १४ अंशांवर आला की झाकण वाढवायचे.

जम्मूपुढे काश्मीरला माल असेल तर आदल्या संध्याकाळी वाहतूक पोलिसांची सूचना वाचल्याशिवाय उधमपूर सोडू नका. रामबन-बनिहाल पट्ट्यात दरड किंवा बर्फ असला की जड गाड्या एकाच दिशेने सोडतात आणि त्यांची पाळी रोज बदलते. रस्ता दोन दिवस बंद राहणार असे दिसले तर गाडी जम्मूतच रिकामी करा. भाव पडेल, पण माल हिरवा असताना विकला जाईल.