आबांच्या रेडिएशनसाठी तीन एकर विकावं का?

प्रश्न : आमचं गाव सेलू तालुक्यात. वडील (आम्ही आबा म्हणतो) 58 वर्षांचे. स्वरयंत्राचा कॅन्सर निघाला. वीस दिवसांपूर्वी स्वरयंत्र पूर्ण काढलं, मानेतल्या गाठीही काढल्या. ऑपरेशन जनआरोग्य योजनेत झालं, पण त्या दवाखान्यात रेडिएशनचं मशीन नाही. डॉक्टरांनी आता रेडिएशन आणि केमो दोन्ही सांगितलंय. मामा म्हणतात, तीन एकर विका आणि पुण्याला मोठ्या हॉस्पिटलात न्या. तिथे साडेसहा लाख सांगितलेत. चुलते म्हणतात, चौथी स्टेज आहे, पैसा पाण्यात जाईल. सात एकर कोरडवाहू आहे, त्यावर पीककर्ज. बहिणीच्या लग्नासाठी 2 लाख 40 हजारांची एफडी, बायकोचे चार तोळे, सोयाबीनचे 1 लाख 10 हजार. माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. काय करू?

उत्तर : जमीन विकू नका. पण चुलत्यांचं ऐकून हातही आखडता घेऊ नका. मामा हॉस्पिटलचं नाव बघताहेत, चुलते स्टेजचा आकडा बघताहेत. तुमच्या पैशाचा खरा उपयोग तिसऱ्याच ठिकाणी आहे, तो म्हणजे वेळापत्रकात.

मी डॉक्टर नाही, पण असे रिपोर्ट माझ्या टेबलावर नेहमी येतात, कारण त्यावरच लोकांच्या जमिनी विकल्या जातात. तुम्ही बायोप्सीच्या अंतिम रिपोर्टचा फोटो पाठवलात ते बरं केलंत. त्यात आजार कूर्चा भेदून बाहेर आलेला आहे. 36 गाठी तपासल्या, दोनमध्ये आजार सापडला, त्यातल्या एकीचं कवच फुटलेलं आहे. कापलेल्या कडा मात्र स्वच्छ आहेत, सर्वांत जवळची 7 मिलिमीटरवर.

यातली गाठीची ओळ जड आहे. डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये गाठीत आजार पोचला की जगण्याची शक्यता साधारण निम्म्यावर येते, हा डॉक्टरांचा जुना आडाखा. कवच फुटलं असेल तर धोका आणखी वाढतो. म्हणूनच तुम्हाला नुसतं रेडिएशन न सांगता सोबत केमो सांगितलीय. 2004 साली युरोप आणि अमेरिकेतल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले, त्यानंतर कवच फुटलेलं किंवा कडा बाधित असतील तर दोन्ही एकत्र देण्याची पद्धत पक्की झाली. केमो म्हणजे बिल वाढवायचा धंदा, असं मामांना कुणी सांगितलं असेल तर ते आबांच्या बाबतीत चूक आहे.

बाकीच्या ओळी तुमच्या बाजूच्या आहेत. कडा स्वच्छ आहेत. आजार स्वरतंतूवर सुरू झाला; गिळण्याच्या भागात, अन्ननलिकेच्या तोंडाशी सुरू होणाऱ्या कॅन्सरपेक्षा याचा निकाल सहसा बरा लागतो. छातीचा सीटी स्वच्छ आहे. चुलत्यांना एवढंच सांगा की घशाच्या कॅन्सरमध्ये चौथ्या स्टेजचेही ए, बी, सी असे भाग असतात आणि अंगभर पसरलेला तो सी. आबांचा तो नाही. त्यांच्यावर बरं करण्याच्या हेतूनेच उपचार चाललेत.

या रिपोर्टमधलं आता पैशाने काही बदलत नाही. बदलता येण्यासारखं जे उरलंय त्यात पहिलं म्हणजे रेडिएशन कधी सुरू होतं आणि मध्ये खाडा पडतो का. ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत ते सुरू व्हावं असा प्रयत्न असतो. पुढे आठवड्यातून पाच दिवस, साधारण सहा ते साडेसहा आठवडे. मध्येच बंद पडलं तर राहिलेल्या पेशींना वाढायला सवड मिळते. तुमचे वीस दिवस गेले, हातात बावीस उरले.

आता जमिनीचा हिशेब याच बावीस दिवसांत बसवून बघा. बँकेचा बोजा उतरवायचा, वडिलोपार्जित असेल तर बहिणीची सही, मग साठेखत, मग खरेदीखत. एवढ्या दिवसांत हे उरकायचं तर अडलेला माणूस म्हणून पडेल तोच भाव घ्यावा लागेल. घेणाऱ्यालाही तुमची तारीख माहीत असते. म्हणजे ज्या वेळेसाठी जमीन विकायची, ती वेळच सौद्यात जायची.

त्याऐवजी उद्या सकाळी ऑपरेशन झालेल्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) गाठा किंवा योजनेच्या हेल्पलाइनला, 155388 ला फोन लावा. योजनेची मर्यादा आता कुटुंबाला वर्षाला 5 लाख आहे. ऑपरेशनचं पॅकेज वजा जाऊन किती उरलंय ते विचारा. मग छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आणि बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल, दोन्हीकडे फाइल घेऊन जा आणि एकच प्रश्न विचारा : मशीनवर पहिला दिवस कोणता? जिथली तारीख आधीची ते हॉस्पिटल तुमचं. रेडिएशनचा डोस आणि आखणी नीट असेल तर इमारतीच्या काचांनी त्यात भर पडत नाही.

वाचलेला पैसा कुठे घालायचा, तर पहिल्यांदा खोलीवर. मराठवाडा एक्स्प्रेसने रोज जाऊन-येऊन करू, असं तुम्ही लिहिलंत. ते करू नका. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घसा सोलवटतो, घास उतरत नाही, आणि खाडे नेमके तेव्हाच सुरू होतात. रुग्णालयाजवळ दोन महिने खोली, दूध-अंडी, गरज पडली तर नळीतून आहार, योजनेबाहेरची औषधं, सोबत राहणाऱ्याची बुडालेली मजुरी, या सगळ्याला मी 80 हजार धरतो. ते सोयाबीनच्या पैशातून निघतात. याच आठवड्यात आबांचे दात तपासून घ्या. किडके दात रेडिएशनच्या आधी काढावे लागतात, नंतर काढले तर जबड्याचं हाड धोक्यात येतं. त्यासाठी लागणारे थोडे पैसे वाचवायला बघाल तर पुढे फार महागात पडेल.

बिडी सुटली पण तंबाखू-चुना चालू आहे, हे तुम्ही ओझरतं लिहिलंत. मला ते सगळ्यात जास्त खटकलं. साडेसहा लाख खर्चायला तयार असलेल्या घरात ती पुडी अजून येते कशी? तोंडात दुसरा कॅन्सर उभा राहायला तेवढं पुरतं.

यानंतर पुढच्या तपासण्या आणि आवाजाच्या व्हॉल्व्हसाठी 1 लाख 20 हजार वेगळे काढा; सोयाबीनचे उरलेले 30 हजार आणि लागले तर दोन तोळ्यांवर बँकेचं सोनेतारण. आजार उलटला तर बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत उलटतो, म्हणून पहिल्या वर्षी एक ते तीन महिन्यांनी तपासणी असते. थायरॉइडची रक्ततपासणी वर्षातून एक-दोनदा. आवाजासाठी बसवायचा व्हॉल्व्ह परदेशी घेतला तर महाग असतो आणि तो बदलतही राहावा लागतो, बेंगळुरूच्या डॉ. विशाल राव यांनी तयार केलेला ‘ऑम’ अगदी स्वस्त आहे, डॉक्टरांना त्याबद्दल विचारा. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचाराच्या प्रवासासाठी स्लीपरचं तिकीट माफ आहे. दाखला रुग्णालय देतं. आरोग्य विम्याची नवी पॉलिसी कुणी आबांच्या नावाने गळ्यात मारायला आला तर चहा पाजून वाटेला लावा. आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि आजार लपवून घेतलेली पॉलिसी दाव्याच्या वेळी काही देत नाही.

आणखी एक काम, रेडिएशनला जायच्या आधीचं. आबांना आता बँकेच्या कॉलवर बोलता येणार नाही. खातं आईसोबत ‘दोघांपैकी कोणीही’ असं करून घ्या, वारसनोंद तपासा, मोबाइल नंबर चालू आहे ना ते बघा. ते स्वतः सही करू शकताहेत तोवर हे उरका.

दोन्हीकडची तारीख सहा आठवड्यांच्या पुढची मिळाली तर मात्र माझं मत बदलेल. आधी योजनेतली दुसरी खासगी रुग्णालयं विचारा. पुणंच उरलं तर ते हॉस्पिटल धर्मादाय आहे का बघा. तिथे 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तेही जमलं नाही तर बहिणीशी बोलून एफडी मोडा, उरलेलं सोनं तारण ठेवा, पण सुरुवात करा. तीन एकरांचा इसार अजून घेतला नसेल तर घेऊ नका. घेतला असेल तर आजच परत करा, कारण त्यातले पैसे खर्चले की सौदा मोडायची सोय राहत नाही.