दारातलं क्रेप मर्टल आणि फेब्रुवारीतली कात्री

प्रश्न : ताई, दोन वर्षांपूर्वी आम्ही डॅलसजवळ प्लेनोत घर घेतलं. ड्राइव्हवेच्या दोन्ही बाजूंना क्रेप मर्टल आहेत. फेब्रुवारीत बागकामवाले येतात आणि खांद्याच्या उंचीवर सगळं सपाट छाटून जातात. सगळ्या गल्लीत हेच. उन्हाळ्यात फुलं येतात, पण पावसाची एक सर आली की फांद्या जमिनीला टेकतात. यंदा खोडही काळं पडलंय. सासूबाई आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "अगं, हे तर आपलं ताम्हण!" खरंच का? आणि छाटायचं की नाही?
– एक वाचक, प्लेनो, टेक्सास

उत्तर : सासूबाईंना शंभरपैकी नव्वद गुण. दोघं लॅगरस्ट्रोमिया या एकाच घराण्यातले. पाकळ्यांची ती चुरगळलेली झालर बघूनच त्यांनी ओळखलं असणार. पण आपल्या राज्यफुलाचं झाड तुमच्याकडच्या थंडीत टिकायचं नाही. क्रेप मर्टल मूळचं चीनकडचं. ते पानं गाळून हिवाळा काढतं आणि वसंतात जरा उशिराच जागं होतं. झाड मेलं म्हणून घाबरू नका. शास्त्रीय नावात 'इंडिका' आहे, त्यावर जाऊ नका.

आता छाटणी. आधी माझी चूक सांगते. माझा हात गुलाबावर बसलेला. ऑक्टोबरात दयामाया न दाखवता छाटला की थंडीत भरभरून फुलतो, हे डोक्यात पक्कं. माझा मुलगाही तिकडेच राहतो. त्याला पुण्यातून फोनवर सांगितलं, "घाबरू नकोस, काप अर्ध्यावर." एरवी ऐकत नाही, नेमकं तेव्हा ऐकलं. पुढच्या उन्हाळ्यात जाऊन बघते तर प्रत्येक कापाखालून केरसुणीसारखे पंधरा-वीस फुटवे! लांब, लुसलुशीत, आणि टोकाला हा एवढा फुलांचा घोस. भार पेलणार कसा? दरवर्षी त्याच जागी कापत गेलं की तिथे मुठीएवढी गाठ होते. तुमच्या झाडांना एव्हाना झाली असेल. तिकडचे जाणकार या छाटणीला 'क्रेप मर्डर' म्हणतात, ते काही उगाच नाही.

क्रेप मर्टल नव्या फुटीवर फुलतं हे खरं, पण नवी फूट ते न कापताही काढतं. छाटायचंच तर हिवाळा सरता सरता, पालवी फुटण्याआधी, एवढंच करा : वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या, आत वळलेल्या फांद्या आणि बुंध्यातून येणारे फुटवे काढा. गाठींवर दोन-तीन दणकट फांद्या ठेवून बाकीच्या मुळापासून उडवा. दोन-तीन वर्षांत झाड सावरतं. मग खोडाची साल सुटून आतला गुळगुळीत दालचिनी रंग दिसेल. मला तर फुलांपेक्षा तोच आवडतो.

खोड काळं पडलंय ती काजळी. काजळी धरते चिकट स्रावावर, आणि तो सोडते कीड. नुसत्या पानांवर चिकटा असेल तर बहुधा मावा. पण खोडावर, फांद्यांच्या बेचक्यात पांढरे कापसासारखे ठिपके दिसतात का, ते बघा. एक ठिपका नखानं चिरडा. गुलाबी पाणी आलं तर ती सालीवरची खवले कीड. अमेरिकेत ती पहिल्यांदा सापडली 2004 साली, तुमच्या शेजारच्या रिचर्डसनमध्येच! पातळ साबणपाणी आणि मऊ ब्रशनं खोड घासून धुवा. लेडीबर्ड किडे दिसले तर त्यांना हात लावू नका, ते ही कीड खातात. आणि झाड फुलावर असताना औषध मारू नका, मधमाश्या येतात.

झाड खिडकीच्या वर जातं म्हणून कापत असाल, तर चूक कात्रीची नाही, लावणाऱ्याची. 'नॅचेझ' ही 1978 सालची पांढरी जात वीस फुटांच्या वर जाते. खिडकीखाली ती लावून दरवर्षी भांडत बसण्यापेक्षा 'पोकोमोक'सारखी बुटकी जात लावावी.

बागकामवाल्यांना जानेवारीतच सांगून ठेवा. मी मुलाच्या झाडाला सुतळीनं पुठ्ठा बांधलाय, 'कापू नये' असा, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये.

प्रश्न : पुण्यात गॅलरीतल्या कुंडीत सावनी आहे. पानं भरपूर, फूल एकही नाही. पानांवर पांढरी भुकटीही दिसते.
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : सावनी म्हणजे वरचंच क्रेप मर्टल. तुमची गॅलरी सावलीची दिसते. याला दिवसातून सहा तास तरी थेट ऊन हवं. पांढरी भुकटी ही भुरी, तीही सावलीत आणि कोंदट हवेतच जास्त. युरिया घालत असाल तर थांबवा, त्यानं नुसता पाला माजतो. कुंडी गच्चीवर न्या.