रिटायरमेंटनंतर साताऱ्यात छोटं घर बांधायचंय, घरपट्टी वर्षाला किती धरावी?

तुम्ही लिहिलंय की तीन वर्षांनी रिटायर होताय, साधारण साडेसहाशे स्क्वेअर फुटाचं घर बांधायचंय, एक प्लॉट शाहूपुरीत बघितलाय आणि दुसरा सज्जनगड रोडच्या एका गावात, शेजारच्यांची पावती बघून घरपट्टीचा अंदाज चालेल का. नाही चालणार. मी स्वतः 2016 ला रिटायर होऊन इथं राहायला आले, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी बघा की जागा ग्रामपंचायतीत आहे का नगरपालिकेत, कारण दोघांचा हिशोबच वेगळा. ग्रामपंचायत 2015 च्या नियमानं भांडवली मूल्यावर घरपट्टी लावते, म्हणजे घराचं क्षेत्रफळ गुणिले रेडीरेकनरचा (सरकारी दरपत्रकाचा) जमिनीचा दर, त्यात क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर मिळवायचा (जुनं घर असेल तर घसारा, म्हणजे जुनेपणाची घट, जातो, नव्याला काही नाही), त्याला वापराप्रमाणे भारांकानं गुणायचं, राहतं घर असेल तर 1 आणि दुकान काढलं तर 1.25, आणि मग हजाराला इतके पैसे असा ग्रामपंचायतीनं ठरवलेला दर. समजा 60 चौरस मीटर घर, चौरस मीटरला जमीन 1500 आणि बांधकाम 18000 रुपये धरलं तर मूल्य होतं 11 लाख 70 हजार, हजाराला दीड रुपया दर असेल तर 1755 रुपये. हे आकडे मी समजुतीसाठी घेतलेत, तुमच्या गावचे रेडीरेकनरमध्ये बघून घाला. याच्यावर दिवाबत्ती, आरोग्य कर आणि पाणीपट्टी, आणि पाणीपट्टी वेगळी लिहून ठेवा कारण छोट्या घराला कधीकधी तीच घरपट्टीपेक्षा जास्त येते.

नगरपालिकेत मात्र हे घर भाड्यानं दिलं तर वर्षाला किती येईल ते धरतात, त्यातून 10 टक्के दुरुस्तीचे वजा, उरलेल्यावर टक्केवारीनं मालमत्ता कर, शिवाय शिक्षण कर, वृक्ष कर वगैरे. त्यामुळे घर लहान असलं तरी भाडं चांगलं येणाऱ्या भागात पट्टी जास्त बसते. आणि वरची खोली भाड्यानं द्यायची असेल तर तेही आत्ताच हिशोबात घ्या, आकारणी वाढू शकते.

शाहूपुरी 2020 च्या हद्दवाढीत पालिकेत आली, तोवर ग्रामपंचायत होती. असा भाग आत आला की पट्टी एकदम नाही, टप्प्याटप्प्यानं वाढते. म्हणून शेजाऱ्याची पाच-सहा वर्षांपूर्वीची पावती तुमच्या कामाची नाही, आणि सज्जनगड रोडचा प्लॉट शहराला जितका जवळ तितकं पुढं काय होईल हेही मनात धरा. दोन्हीकडं दर चार वर्षांनी फेरआकारणी असते, पेन्शन मात्र त्या हिशोबानं वाढत नाही, म्हणून मी स्वतः आजच्या पट्टीच्या दीडपट रक्कम बजेटमध्ये धरते. नोटीस आली की हरकतीची मुदत त्यातच लिहिलेली असते, ती चुकवू नका, चौरस मीटर नीट तपासा. पालिका हद्दीत परवानगीशिवाय एक खोली जरी वाढवली तरी कराच्या दुप्पटपर्यंत शास्ती (दंड) दरवर्षी लागू शकते, म्हणून जिना-गॅलरी सगळं नकाशात आधीच दाखवा.

आमच्या भावानं कोरेगावकडं जुनं घर घेतलं तेव्हा विकणाऱ्यानं चार-पाच वर्षांची पट्टी भरलीच नव्हती. थकबाकी घरावर राहते, माणसाबरोबर जात नाही, शेवटी भावालाच भरावी लागली, आणि त्या वयात ते फार जिवाला लागतं हो. टोकन द्यायच्या आधी नमुना 8 चा उतारा (ग्रामपंचायतीच्या घरपट्टी आकारणीची नोंद) आणि थकबाकी नसल्याचा दाखला हातात घ्याच.

सासरे फौजेत होते आणि सासूबाई तुमच्याकडं राहणार असंही लिहिलंय ना, तर माजी सैनिकांच्या विधवांना एका घराची घरपट्टी माफ आहे, पण घर त्यांच्या नावावर पाहिजे, तुमच्या नावावर घेऊन ती मिळणार नाही. नाव कुणाचं लावायचं हे खरेदीखताआधी घरात बसून ठरवा आणि दाखल्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एकदा जाऊन या.