‘सार्वभौम मानवाधिकार’ हा प्रयोग मराठीत चालेल का?

प्रश्न असा आहे : ‘युरोपीय न्यायालयाने सार्वभौम मानवाधिकारांपुढे ब्रिटनचे सार्वभौमत्व गौण ठरवून कैद्यांवरील मतदानबंदी उठवली.’ या वाक्यात ‘सार्वभौम’ हा शब्द दोनदा, दोन अर्थांनी आला आहे. ते बरोबर आहे का?

माझ्या मते नाही. पहिला ‘सार्वभौम’ हिंदीतून आलेला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 10 डिसेंबर 1948 रोजी स्वीकारलेल्या जाहीरनाम्याला हिंदीत ‘मानव अधिकारों की सार्वभौम घोषणा’ म्हणतात. तिथे सार्वभौम म्हणजे सगळीकडे, सगळ्यांना लागू असणारे. राज्याच्या सर्वोच्च सत्तेसाठी हिंदी वेगळा शब्द वापरते. भारतीय राज्यघटनेच्या उद्देशिकेत हिंदीत ‘संपूर्ण प्रभुत्व-संपन्न’ आहे, तर मराठीत ‘सार्वभौम’. म्हणजे मराठीने हा शब्द राज्यसत्तेला दिलेला आहे.

गंमत म्हणजे दोन्ही अर्थांना पाणिनीचा आधार सापडतो. ‘सर्वभूमि’ या शब्दाला प्रत्यय लागून दोन्ही पदांच्या आद्य स्वरांची वृद्धी होते आणि ‘सार्वभौम’ तयार होतो. त्याचा एक अर्थ ‘सर्व भूमीचा ईश्वर’ (अष्टाध्यायी 5.1.42), दुसरा ‘सर्व भूमीवर विदित असलेला’ (5.1.43). मराठीत ईश्वराचा, म्हणजे सत्ताधीशाचा अर्थ रुळला. हिंदीतला वापर दुसऱ्या अर्थाच्या जवळ जातो. तेव्हा संस्कृताकडे बोट दाखवून वाद मिटणार नाही. मराठी वाचक काय समजेल, हाच निकष.

आणि मराठी वाचक उलटे समजेल. समुद्रविषयक कायद्यात ‘सार्वभौम हक्क’ ही संज्ञा आधीच राज्यांच्या नावे आहे. 12 सागरी मैलांपर्यंत राज्याचे सार्वभौमत्व, पुढे 200 मैलांपर्यंत मासळी, तेल वगैरेंवर त्याचे सार्वभौम हक्क (1982 चा करार). हे हक्क राज्याचे. मानवी हक्क माणसाचे आणि बहुतेक वेळा राज्याविरुद्ध मागायचे. युरोपच्या राजकारणात नेमका याच दोहोंमध्ये झगडा चालू असताना दोन्हींना एकच विशेषण लावले, तर वाक्यातला वादच पुसला जातो. म्हणून तिथे ‘सार्वत्रिक’ लिहावे. ‘मानवाधिकार’ चूक नाही, पण महाराष्ट्रातल्या आयोगाचे नावही ‘मानवी हक्क आयोग’ आहे. तोच शब्द मला जवळचा वाटतो.

आता उरलेले वाक्य पाहू, कारण त्यात याहून मोठी चूक आहे.

‘युरोपीय न्यायालय’ कोणते? स्ट्रासबर्गचे मानवी हक्क न्यायालय आणि लक्झेंबर्गचे युरोपीय संघाचे न्यायालय ही दोन वेगळी न्यायालये. पहिले 46 सदस्यदेशांच्या ‘कौन्सिल ऑफ युरोप’ या संघटनेचे, दुसरे 27 देशांच्या संघाचे. ब्रिटन संघातून बाहेर पडला, स्ट्रासबर्गच्या कक्षेतून नाही. गोंधळ वाढायला मराठी भाषांतरही कारण आहे. ‘कौन्सिल ऑफ युरोप’ आणि ‘युरोपियन कौन्सिल’ (संघातील राष्ट्रप्रमुख व सरकारप्रमुखांची बैठक) या दोन्हींना आपण ‘युरोपीय परिषद’ म्हणतो. निळ्यावर बारा ताऱ्यांचा ध्वजही दोघांना समान : 1955 मध्ये कौन्सिल ऑफ युरोपने घेतला, पुढे युरोपीय समुदायाने तोच उचलला. या दोन नावांचे भाषांतर करूच नये, देवनागरीत जसेच्या तसे लिहावे, असे माझे ठाम मत आहे.

‘बंदी उठवली’ हे क्रियापद तर वस्तुस्थितीलाच धरून नाही. स्ट्रासबर्गला कोणत्याही देशाचा कायदा रद्द करता येत नाही. ऑक्टोबर 2005 च्या निवाड्यात ‘सर्व शिक्षाधीन कैद्यांवरची सरसकट बंदी युरोपीय मानवी हक्क कराराचा भंग करते’ एवढेच ठरले. प्रत्येक कैद्याला मत द्याच, असे न्यायालय म्हणाले नव्हते. निवाडा बंधनकारक असतो (कलम 46), पण तो कसा पाळायचा हे राज्य ठरवते आणि त्यावर कौन्सिल ऑफ युरोपची मंत्र्यांची समिती देखरेख ठेवते. ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभागृहाने फेब्रुवारी 2011 मध्ये 234 विरुद्ध 22 मतांनी बंदीच्या बाजूने कौल दिला. अखेर तात्पुरत्या परवान्यावर बाहेर असलेल्या कैद्यांना मतदानाची वाट करून दिल्यावर 2018 मध्ये समितीने प्रकरण बंद केले. कायद्यातली बंदी जागेवरच राहिली.

‘सार्वभौमत्व गौण ठरवून’ हेही टाळावे. करार करण्याचा हक्क हे सार्वभौमत्वाचेच लक्षण आहे, असे हेगच्या तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 1923 मध्येच म्हटले होते. सही राज्य स्वतः करते आणि सहा महिन्यांची सूचना देऊन बाहेरही पडू शकते (कलम 58). शिवाय न्यायालय राज्यांना जी मोकळीक देते, तिचे इंग्रजी नाव ‘मार्जिन ऑफ अप्रीसिएशन’. इथे अप्रीसिएशन म्हणजे कौतुक किंवा कदर नव्हे. फ्रेंचमधला ‘पारखून ठरवणे’ हा अर्थ आहे. यंत्राने केलेल्या भाषांतरात हे हमखास फसते. ‘निर्णयाची मुभा’ म्हटले की पुरते. ऑगस्ट 2021 पासून ही मुभा कराराच्या उद्देशिकेतच नमूद आहे.

‘करार’ म्हणताना एक खबरदारी घ्यावी : कन्व्हेन्शनसाठी ‘संकेत’ वापरू नये. मराठीत संकेत म्हणजे अलिखित रिवाज, जसे संसदीय संकेत. हा 1950 मध्ये रोममध्ये सह्या झालेला लेखी, बंधनकारक करार आहे.

मी ते वाक्य असे लिहीन : ‘कैद्यांच्या मतदानावर सरसकट बंदी घालून ब्रिटनने मानवी हक्क कराराचा भंग केला, असा निवाडा स्ट्रासबर्गच्या न्यायालयाने दिला.’